एक ते चार ब्लोअर बंद

नायट्रेटचा आकडा निम्म्यावर आलेला बघून मी सगळ्यात आधी बाटलीवर संशय घेतला. मग पिपेटवर, मग रसायनांच्या तारखेवर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःवर. हा क्रम मुद्दाम सांगते आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रसायनशास्त्राची पदवी मी कोपरीच्या एका खोलीत, सहा माणसांत, आईच्या मासळीच्या टोपल्यांशेजारी बसून मिळवली आहे. त्यामुळे आपली टेस्ट चुकली असं मी सहजासहजी मान्य करत नाही.

ठाण्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी तेव्हा नवीन लागलेले. काम सांगायला साधं. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत मोठ्या सोसायट्यांच्या पोटात सांडपाणी साफ करायचे प्लांट असतात, सगळे त्यांना एसटीपी म्हणतात. तिथे जायचं, साफ होऊन बाहेर पडणारं पाणी बाटलीत भरायचं, लॅबमध्ये आणून तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. डोंबिवली पूर्वेच्या या सोसायटीत मी दर सोमवारी सकाळी अकराला जायचे. पाणी दिसायला नितळ. वास नाही. पण नायट्रेट कायम जास्त.

नायट्रेट म्हणजे खत. शेतात पडलं तर पीक येतं, नाल्यातून खाडीत गेलं तर शेवाळ येतं आणि वरच्या गोड्या पाण्यात जलपर्णी माजते. आंबिवलीच्या बाजूला नदीवर जलपर्णी इतकी दाट झालेली मी बघितली आहे, की तिच्यावरून कुत्रं चालत जाईल असं वाटावं. हे सगळं हिरवं एक दिवस मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. मासे गुदमरतात. हे मी पुस्तकात वाचलेलं, पण माझ्या आईने ते मला आधीच सांगून ठेवलेलं होतं, तिच्या पद्धतीने. "आमच्या येळंला खाडीन निवट्या अशा उड्या मारायच्या. आता पानी जास्त जेवलंय गो. जास्त जेवलेलं मानूस कसं सुस्त पडतं, तसं झालंय." निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे. पोषक द्रव्यांचं प्रदूषण याहून सोपं करून मला कोणत्याही सरांनी शिकवलेलं नाही.

तर या सोसायटीचं नायट्रेट कमी करायला प्लांट चालवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने एक उपाय सुचवलेला. नवीन टाकी बांधा, नवीन पंप बसवा, अजून एक यंत्र आणा. खर्च ऐकून सभासदांनी सभेत खुर्च्या आपटल्या होत्या म्हणे. प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी काढायची चर्चा चाललेली. आणि अशात एका सोमवारी माझ्या बाटलीत नायट्रेट आपोआप निम्म्यावर. ना टाकी, ना पंप, ना वर्गणी.

"परत कर," लॅबच्या मॅडम म्हणाल्या.

परत केलं. तेच आलं.

"पुढच्या सोमवारी नवीन बाटली घेऊन जा."

नेली. तेच. उलट अजून थोडं खाली. फक्त अमोनिया किंचित वर सरकलेला. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पोरी, पाणी असं मनाने सुधारत नसतं. तिथे काहीतरी बदललंय. काय बदललंय ते बघून ये."

प्लांटच्या लॉगबुकात काहीच बदललेलं नव्हतं. पाण्यात हवा सोडणारं जे मोठं यंत्र असतं, ब्लोअर, त्याच्यापुढे दर तासाला एकाच निळ्या पेनाने लिहिलेलं: चालू, चालू, चालू. अक्षर ऑपरेटर मामांचं. मामा पंचावन्नचे, मूळचे साताऱ्याकडचे, राहायला आंबिवलीला. आधीची कंपनी बंद पडली आणि दोन वर्षं घरी बसल्यावर त्यांना हे काम मिळालेलं. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला मॅडम. त्यांच्या मुलीच्या वयाची आहे मी, पण सांगून ऐकायचे नाहीत.

त्यानंतर एका गुरुवारी माझं कल्याणचं काम लवकर आटोपलं आणि परतताना मी डोंबिवलीला उतरले. दुपारचे दोन वाजलेले. सोसायटीच्या तळघराचा जिना उतरताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शेवटच्या पायरीवर कळलं. आवाजच नव्हता. एरवी तिथे इतकी घरघर असते की माणसाला ओरडून बोलावं लागतं. मामा स्टुलावर बसून जाळीत अडकलेला कचरा चिमट्याने काढत होते. मला बघून ताडकन उठले.

"मामा, ब्लोअर बंद पडला?"

"न्हाई मॅडम. चालूच हाय."

"अहो, मग आवाज कुठाय?"

मामांनी छताकडे बोट केलं आणि आवाज एकदम खाली आणला. "हळू बोला. साहेब झोपल्यात."

साहेब म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून तीन आठवड्यांपूर्वी रिटायर झालेले. त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर, बरोबर ब्लोअरच्या डोक्यावर. नोकरी होती तोवर दुपारी ते घरी नसायचे, त्यामुळे काही प्रश्नच नव्हता. रिटायर झाले आणि पहिल्याच दुपारी त्यांना कळलं की आपला पलंग हादरतो. डोंबिवलीत दुपारी एक ते चार जुन्या बाजारातली दुकानं आजही शटर ओढून घेतात. तिथे आयुष्यभर झोपेचं स्वप्न बघितलेला माणूस काय करणार? त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, एक ते चार बंद ठेवा, कुणाला काही होत नाही, आणि लिहायची गरज नाही.

"तीन आठवडं झालं," मामा म्हणाले. "साहेबांनी सांगितल्यावर मी काय बोलनार?"

मी त्यांचं ऐकत होते, पण माझी नजर टाकीवर गेलेली. हवा बंद असल्याने पाणी स्थिर झालेलं, तपकिरी गाळ खाली बसलेला. आणि त्या गाळातून बारीक बारीक बुडबुडे वर येत होते. मोहरीएवढे. इथे एक, तिथे दोन, मग सगळीकडून. वर येऊन फुटत होते.

"मामा! मामा, हे बघा!"

"हळू, मॅडम! साहेब!"

"साहेबांना झोपू दे हो! हे बघा तुम्ही. हे काय आहे माहितीये?"

"काय, गॅस झाला व्हय?"

"नायट्रोजन आहे! खाडीत जाणारं खत आहे हे, हवेत चाललंय!"

हे मी परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलेलं. सांडपाण्यातले जिवाणू हवा मिळाली की अमोनियाचं नायट्रेट करतात. हवा चोवीस तास मिळाली तर ते तिथेच थांबतात आणि नायट्रेट तसंच बाहेर जातं. पण मधेच हवा तोडली, की त्यातले काही जिवाणू श्वासासाठी धडपडतात आणि नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात. मागे उरतो नायट्रोजन. आपण श्वासात घेतो त्या हवेत सगळ्यात जास्त असतो तोच, निरुपद्रवी. पाच पैकी पाच मिळालेले मला. पण उत्तरपत्रिकेवर बुडबुडे येत नाहीत. मी त्या टाकीच्या कठड्यावर ओणवी होऊन, नाकाला ओढणी न लावता, किती वेळ बघत राहिले मला सांगता येणार नाही. मामा माझ्यामागे हात जोडल्यासारखे उभे होते आणि काहीतरी बोलत होते.

"मॅडम, कुटं लिवू नका बरं का हे. लॉगबुकात चालू लिवलंय म्या."

"काळजी करू नका हो मामा," मी म्हणाले. आणि हे म्हणताना माझं डोकं लॅबमध्ये पोचलेलं होतं.

त्या दिवशी मी रिपोर्ट लिहायला बसले ती चार पानं लिहूनच उठले. एरवी आमचा रिपोर्ट एका पानाचा. मी आकडे दिले, आलेख काढला, कारण दिलं. नवीन टाकीची गरज नाही, ब्लोअर ठरावीक वेळ बंद ठेवायला एक साधा टायमर पुरेल, विजेचं बिल उलट कमी होईल, असं ठासून लिहिलं. आणि पुरावा म्हणून तिसऱ्या पानावर एक वाक्य टाकलं: ऑपरेटर दररोज दुपारी एक ते चार ब्लोअर बंद ठेवतो. मला वाटलं, पुराव्याशिवाय माझ्यासारखीचं कोण ऐकणार? मॅडमनी पाठ थोपटली. रिपोर्ट ठरल्याप्रमाणे दोन ठिकाणी गेला, सोसायटीला आणि कॉन्ट्रॅक्टरला.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुमी लिवलं व्हय?"

कॉन्ट्रॅक्टरने त्यांना सांगितलेलं, लॉगबुकात खोटं लिहिलं म्हणून येत्या एक तारखेपासून दुसरा माणूस येईल.

"तुम्ही साहेबांचं नाव सांगा ना मामा. त्यांनीच सांगितलेलं तुम्हाला."

"मी नाव घ्यायचं आनि साहेब न्हाई म्हनले मंग? आसू द्या. तुमी शिकलेल्या, तुमचं काम तुमी केलं."

हे शेवटचं वाक्य मला चपराकीसारखं लागलं. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "येवरी शिकलीस, पन काय कवा लिवायचं ते नाय शिकलीस." मी रडवेली झालेले. तिने एक कोलंबी वाटीत टाकली. "आता काय रडतंस? लिवलंस ना? मंग जा आनि बोल."

मी सेक्रेटरी काकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "हे बघा, ऑपरेटरला काढणं हा कॉन्ट्रॅक्टरचा अंतर्गत प्रश्न आहे. तुमच्या अहवालावर रविवारी सकाळी सभा ठेवली आहे. आपण येऊन तो समजावून सांगावा." मधेच तळघराचा विषय निघेल म्हणून की काय, त्यांनी फोन लगेच ठेवला.

रविवारी हॉलमध्ये तीसेक माणसं होती. चहा फिरत होता. मामा दारापाशी उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. मी उभी राहिले आणि सांगायला लागले. सुरुवातीला चाचपडले, पण बुडबुड्यांपाशी आल्यावर मला थांबवणं कठीण झालं. मी फळ्यावर जिवाणू काढले. त्यांना तोंडं काढली.

"एक मिनिट," मागून एकजण म्हणाला. "म्हणजे यंत्र बंद ठेवलं की पाणी जास्त साफ होतं? मग चोवीस तास बंद ठेवा की! माणूस पण नको!"

हशा झाला.

"चोवीस तास बंद ठेवलंत तर तुम्ही सगळे सोमवारपर्यंत गावाला पळाल, असा वास सुटेल," मी म्हणाले. "अहो, भात लावताना गॅस सतत मोठा ठेवला तर भात करपतो, आणि पेटवलाच नाही तर तांदूळ तसेच राहतात. बंद-चालू जमवायला लागतं. तीन तास सलग हेही जास्तच आहे, अमोनिया वाढायला लागलाय."

"आणि नवीन टाकी?" एका बाईंनी विचारलं. "वर्गणी?"

"आत्ता तरी नको. आधी टायमर लावून बघा."

हॉलमध्ये एकदम बोलणं सुरू झालं, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी टाळी पण वाजवली. मग तोच मागचा माणूस पुन्हा उभा राहिला. "हे सगळं ठीक आहे. पण ऑपरेटरने कामात चुकारपणा केला, वर खोटं लिहिलं. त्याला काढतायत ते बरोबरच आहे. की आता त्याचा सत्कार करायचा?"

मामा दारातून म्हणाले, "चूक झाली माझी."

एवढंच. मी सेक्रेटरी काकांकडे बघितलं. ते पुढच्या रांगेत बसून चष्मा पुसत होते. माझ्या तोंडावर नाव आलेलं. मामांनी तिकडून मान हलवली, नको म्हणून. मी खडू खाली ठेवला. एकदा लिहिताना मी त्यांना विचारलं नव्हतं. आता पुन्हा न विचारता बोलायचं?

काका चष्मा पुसतच होते. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसलेल्या, बारीकशा, मोत्याच्या कुड्या घातलेल्या. त्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, काच झिजेल आता. सांगा की."

काका उठले. चष्मा घातला, परत काढला.

"ब्लोअर बंद ठेवायला मी सांगितलं होतं. लिहू नका, हेही मीच सांगितलं. त्यांनी फक्त ऐकलं." मग जरा थांबून म्हणाले, "पस्तीस वर्षं दुपारी काउंटरवर जागा राहिलो मी. वाटलं, आता झोपावं. एवढंच कारण आहे. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही."

कुणीतरी फुसकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. मागचा माणूस सुद्धा. काकू पदराआडून हसत होत्या. "महिनाभर घोरणं ऐकतेय मी. त्यापेक्षा ब्लोअर बरा होता."

"तर मग," काका म्हणाले, आवाज आता बँकेतला झालेला, "कॉन्ट्रॅक्टरला पत्र मी स्वतः लिहितो. माझ्या सहीने. ऑपरेटर बदलला तर आम्हाला ते मान्य नाही, असं. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. मग जी घासाघीस झाली ती मी विसरणार नाही. मी म्हणाले, दीड तास चालू, पाऊण तास बंद, असं दिवसभर.

"पाऊण तास?" काका दुखावले. "पाऊण तासात माणूस फक्त कूस बदलतो."

"काका, जिवाणूंचं बघायचंय आपल्याला."

"जिवाणूंना दुपारी थोडं जास्त चालत नाही का?"

शेवटी दुपारचा एक खंड दीड तासाचा ठरला, दोन ते साडेतीन. तोही आधी तपासून बघायचा आणि अमोनिया वाढला तर कमी करायचा, या अटीवर. मामा दारातून आत येऊन पहिल्यांदाच खुर्चीवर बसले होते, पण टेकून नाही. पत्र गेलं तरी कॉन्ट्रॅक्टर ऐकेलच असं नव्हतं. माणूस तो ठेवतो, सोसायटी नाही.

पुढचे आकडे इथेच सांगून टाकते, कारण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. टायमर डोंबिवलीच्याच एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणला. महिन्याभरात नायट्रेट आधीपेक्षाही खाली आलं आणि अमोनियाही खाली आला. विजेचं बिल उतरलं. नवीन टाकीचा कागद फायलीत गेला. एका सोसायटीने खाडी सुधारत नाही, एवढं मला कळतं. आईने विचारलं तेव्हा मी तिला तेच सांगितलं, की निवट्या लगेच परत येणार नाहीत. पण डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत किती इमारतींच्या खाली असेच ब्लोअर रात्रंदिवस घरघरतायत, पाण्याला गरज नसताना, हे आठवलं की आजही मी बसमधून बाहेर बघत बोटांवर इमारती मोजायला लागते. तेवढीच टाकी, तेवढीच माणसं, फक्त बटण कधी दाबायचं ते ठरवायचं. आमच्या मॅडमनी त्यानंतर अजून तीन सोसायट्यांना हेच सुचवलं. एकीने ऐकलं.

पण टायमर सोडला तर हे सगळं नंतरचं. त्या एक तारखेला मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरकडून ना हो आलेलं, ना नाही. मंगळवार होता, माझा डोंबिवलीचा वार नव्हता. मी मॅडमना कल्याणला जाते म्हणून सांगितलं आणि मधेच उतरले. जिना उतरताना ब्लोअर घरघरत होता. त्यावरून काय कळणार, नवीन माणसानेही तो चालूच ठेवला असता. मी दार ढकललं.

मामा भिंतीपाशी उकिडवे बसलेले. टायमरचं झाकण उघडं, दातात स्क्रू.

"आज मंगळवार हाय," स्क्रू दातात धरूनच ते म्हणाले. "बाटली कुठाय?"

"नाही आणली. सहज आले."

"सहज? या वासात?" त्यांनी स्क्रू हातात घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना कळलं असावं. "सकाळी फोन आला त्यांचा. म्हनले, पत्र मिळालं, ऱ्हावा. फकस्त लॉगबुकात खरं लिवा म्हनले." मग पुन्हा टायमरकडे वळले. "ह्याचा काटा दहा मिन्टं मागं पळतोय बगा. तुमच्या दुकानदाराला काय कळत न्हाई. मोबाइलची बॅटरी लावा."

मी मोबाइल काढला. बॅटरी लावली आणि त्यांच्याकडेच बघत राहिले.

"हिकडं मारा, मॅडम," मामा करवादले. "माझ्या तोंडावर काय मारताय!"